काळे आकाश आणि रिकामी दरी

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात खडकांचे विदारण शिकवताना मी एक मोठे कृष्णधवल छायाचित्र फळ्यावर लावले होते. बर्फाने भरलेला उतार, त्यातून सरळ वर गेलेला ग्रॅनाइटचा प्रचंड कडा आणि त्याच्या मागे जवळजवळ काळे आकाश. चित्र पाहून वर्ग क्षणभर गप्प झाला. मग दोन प्रश्न आले. एका मुलाने विचारले, ‘‘सर, हे रात्री काढलंय का? मग कड्यावर ऊन कसं?’’ मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, तिथे कुणी राहत नाही का?’’

पहिल्या प्रश्नाने मी खूश झालो. प्रकाशाचे विकिरण, फिल्टर, फिल्म असे बोलता बोलता तास कधी संपला ते कळले नाही. दुसऱ्या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर दिले, ‘‘नाही.’’ पुढे त्या छायाचित्राविषयी आणि ते काढणाऱ्याविषयी वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की माझे तासभराचे उत्तर बरोबर होते आणि एका शब्दाचे उत्तर चूक होते. हा लेख म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे.

ते छायाचित्र होते अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४) यांचे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीच्या टोकाशी ‘हाफ डोम’ नावाचा डोंगर आहे. १० एप्रिल १९२७ रोजी अ‍ॅडम्स यांनी त्याच्या कड्याचे हे चित्र घेतले आणि त्याला ‘मोनोलिथ’, म्हणजे एकसंध शिळा, असे नाव दिले. निसर्गाची भव्य दृश्ये कशी टिपावीत याविषयी जगभरच्या छायाचित्रकारांवर अ‍ॅडम्स यांच्याइतकी छाप फार थोड्यांची पडली आहे. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले हिमशिखर असो की पाठ्यपुस्तकातला धबधबा, त्यामागची दृष्टी बऱ्याच अंशी याच परंपरेतून आलेली आहे. म्हणून या प्रकारच्या छायाचित्रांची परीक्षा करायची तर ती मुळापासूनच केलेली बरी.

पांढरे आकाश, काळे आकाश

अ‍ॅडम्स यांच्या आधी ६६ वर्षे, १८६१ साली, कार्ल्टन वॉटकिन्स हा छायाचित्रकार याच दरीत आला होता. त्याच्याबरोबर १८ × २२ इंचांच्या काचा आणि तेवढ्याच मोठ्या काचा मावतील असा कॅमेरा होता. त्या काळी काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, तो चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचा, थर ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळायच्या आत ते तंबूतल्या अंधारात धुवायचे, अशी पद्धत होती. हा सारा पसारा खेचरांच्या पाठीवर लादून वॉटकिन्सने दरीत नेला. त्याच्या चित्रांत कडे, झाडे, पाण्यातली प्रतिबिंबे विलक्षण बारकाव्याने उमटली आहेत. मात्र आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे आहे.

तीच दरी, तेच आकाश. मग एकाच्या चित्रात पांढरे आणि दुसऱ्याच्या चित्रात काळे कसे?

ओल्या कलोडियनच्या काचेवर परिणाम होतो तो मुख्यतः निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाचा. तांबडा प्रकाश तिला जवळजवळ ‘दिसत’ नाही. हवेतील रेणूंकडून होणारे प्रकाशाचे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा सुमारे चौपट विखुरतो, म्हणून आकाश निळे. अशा आकाशातून येणारा प्रकाश वॉटकिन्सच्या काचेवर जोरात उमटे. खडक आणि झाडे नीट यावीत इतका वेळ काच उघडी ठेवली, की आकाश पूर्ण पांढरे होऊन जाई.

१९२७ पर्यंत सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा मिळू लागल्या होत्या. अ‍ॅडम्स बर्फातून चढून कड्यासमोरच्या एका खडकावर पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ दोनच काचा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून वापरली. पण कड्यासमोर उभे असताना मनावर जो दाब येत होता तो या चित्रात उतरणार नाही, असे त्यांना वाटले. शेवटच्या काचेसाठी त्यांनी गडद तांबडा फिल्टर लावला. हा फिल्टर साधारण ६०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाशच आत सोडतो. आत येणारा प्रकाश इतका कमी झाला, की ऐन दिवसाउजेडी पाच सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे लागले. निळ्या आकाशाचा प्रकाश अडला आणि आकाश काळे झाले. उन्हातला बर्फ पांढराच राहिला. सावलीतला बर्फ आणि खडक यांवर थेट ऊन नसते, त्यांना उजेड मिळतो तो निळ्या आकाशाकडूनच. त्यामुळे सावल्याही गडद झाल्या. चित्राला जो भारदस्तपणा आला आहे, तो या साध्या भौतिकीतून.

आता खरे आकाश कोणते? डोळ्यांना दिसणारे आकाश या दोन्हींपैकी एकही नाही. तरीही दोन्ही चित्रे खोटी नाहीत. एका काचेने निळ्या टोकाचा प्रकाश मोजला, दुसरीने तांबड्या टोकाचा. मोजमाप कशाने केले हे ठाऊक असेल तर मोजमापावर विश्वास ठेवता येतो. क्ष-किरणांच्या चित्रात हाड पांढरे दिसते म्हणून आपण डॉक्टरांना खोटे म्हणत नाही, तसेच हे.

चंद्राचा हिशेब

अ‍ॅडम्स यांच्या कामातली शिस्त पाहायची असेल, तर ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे त्यांचे दुसरे गाजलेले चित्र घ्यावे. न्यू मेक्सिकोतले एक लहानसे गाव, चर्च, स्मशानातले पांढरे क्रूस, मागे बर्फाची डोंगररांग आणि काळ्याभोर आकाशात चंद्र. मोटारीतून जाताना त्यांना हे दृश्य दिसले. सूर्य मावळतीला होता आणि क्रूसांवरचे ऊन कोणत्याही क्षणी जाणार होते. घाईत प्रकाशमापक सापडेना. पण चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला सुमारे २५० कँडल असते, हे त्यांच्या लक्षात होते.

पुढचे गणित दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांना करता येईल असे आहे. अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास छायाचित्रातील काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. एक पायरी वर गेले की प्रकाश दुप्पट. चंद्र मधल्या करड्या छटेच्या दोन पायऱ्या वर, म्हणजे चौपट उजळ, दाखवायचा असे त्यांनी ठरवले. म्हणून मधली छटा २५० भागिले ४, म्हणजे सुमारे ६०. त्यांची फिल्म ६४ वेगाची होती. अशा फिल्मला या छटेसाठी एफ/८ या छिद्राला १/६० सेकंद पुरतो. पिवळ्या फिल्टरमुळे तिप्पट वेळ हवा, म्हणजे १/२० सेकंद. जवळचे आणि दूरचे सारे स्पष्ट यावे म्हणून छिद्र एफ/३२ पर्यंत लहान केले. ३२ हे ८ च्या चौपट, म्हणून प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर आला. १/२० ला १६ ने गुणले की ०.८, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. त्यांनी एक सेकंदच दिला. दुसरी फिल्म लावेपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते.

या चित्राची आणखी एक गंमत आहे. ते कधी काढले हे अ‍ॅडम्स यांना नीट आठवत नव्हते. निरनिराळ्या ठिकाणी त्याला १९४० ते १९४४ मधली वेगवेगळी वर्षे दिलेली आढळतात. डेव्हिड एल्मोर या खगोलशास्त्रज्ञाने चंद्राचे स्थान आणि कला यांवरून संगणकाच्या साहाय्याने ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. पुढे डेनिस दि चिको यांनी कॅमेरा नेमका कुठे उभा होता याचा शोध घेतला, तेव्हा तो आधी धरलेल्या जागेवर नव्हता असे दिसले. नव्या जागेवरून हिशेब केल्यावर १९९१ साली उत्तर आले ते १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे २० सेकंद. काढणाऱ्याची आठवण चुकली, चित्राची चुकली नाही. मात्र कॅमेरा कुठे होता हे ठाऊक असल्याखेरीज चित्राची साक्ष अपुरी राहते, हेही यातून दिसते.

याच चित्राच्या प्रती मात्र वर्षानुवर्षे बदलत गेल्या. सुरुवातीच्या प्रतींत आकाश तुलनेने उजळ असून त्यात पुसट ढग दिसतात. नंतरच्या प्रतींत ते जवळजवळ काळे झाले आहे. तरुणपणी अ‍ॅडम्स पियानोवादक होण्यासाठी मेहनत करत होते. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रत म्हणजे तिचे वादन, असे ते समजावून सांगत. आपल्या भाषेत बोलायचे तर बंदिश एकच, मैफल दर वेळी वेगळी. चंद्राची जागा ही बंदिश. आकाशाचा काळेपणा ही त्या दिवशीची मैफल.

नावातली चूक

छटांच्या बाबतीत अ‍ॅडम्स यांच्यावर ‘कृत्रिम’ असा आरोप अनेकदा होतो. मला तो मोठा वाटत नाही. त्यांनी फिल्टर, एक्स्पोजर, रसायने, सारे लिहून ठेवले. पद्धत उघड आहे, ती शिकता येते आणि तपासता येते. माझी तक्रार दुसरीकडे आहे. ती समजण्यासाठी आधी डोंगराकडे वळू.

‘हाफ डोम’ म्हणजे अर्धा घुमट. दरीतून पाहिले तर खरोखर वाटते की एक पूर्ण घुमट होता आणि हिमनदीने त्याचा अर्धा भाग कापून नेला. माझ्या वर्गातही मी तसेच सांगितले होते. भूवैज्ञानिक वेगळे सांगतात. तो डोंगर मुळात लांबट, अरुंद धारेसारखा आहे. ग्रॅनाइटमध्ये उभे सांधे होते. त्यांच्या रेषेत एका बाजूचा खडक सुटत गेला आणि उभा कडा तयार झाला. गेला तो भाग थोडाच होता. गोलसर माथा आणि बाजू घडल्या त्या अपपर्णनाने, म्हणजे कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे थर सुटून. दुसऱ्या बाजूच्या डोंगरावरून पाहिले की घुमट नाहीसा होतो आणि धार दिसू लागते.

अ‍ॅडम्स कड्याच्या अगदी समोर उभे राहिले. त्या जागेवरून धार दिसत नाही, फक्त भिंत दिसते. वर नाव ‘एकसंध शिळा’. वास्तविक तिचा कडा घडला तोच तिच्यातल्या सांध्यांमुळे. चित्रातला एकही कण खोटा नाही, पण एकाच जागेवरून पाहिल्यामुळे पाहणाऱ्याची समजूत चुकते. भूगोलाच्या शिक्षकाने असे चित्र एकटे दाखवू नये. सोबत दुसऱ्या बाजूचे चित्र किंवा निदान समोच्चरेषांचा नकाशा असावा.

चौकटीबाहेर काय होते?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. तिथे कुणी राहत नाही का?

राहत होते. दरीतल्या लोकांना अहवाहनीची म्हणत. १८५१ साली सोन्याच्या शोधात आलेल्यांनी उभारलेली सशस्त्र तुकडी दरीत शिरली, वस्त्या आणि साठवलेले धान्य जाळले आणि प्रमुख तेनाया व त्याच्या लोकांना बाहेर काढले. वॉटकिन्सचा कॅमेरा आला तो त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी. काही लोक परत आले आणि दरीत राहून कामे करत राहिले. राष्ट्रीय उद्यानातली त्यांची शेवटची वस्ती १९६९ साली हटवली गेली. म्हणजे अ‍ॅडम्स तिथे चित्रे काढत होते त्या सर्व काळात तिथे माणसे होती.

एवढेच नाही. वॉटकिन्सच्या चित्रांत दिसणारी मोकळी कुरणे निसर्गाने आपोआप राखलेली नव्हती. ओकची फळे हे या लोकांचे मुख्य अन्न. ओक वाढावेत आणि सूचिपर्णी झाडे माजू नयेत, म्हणून ते ठरावीक काळाने जमिनीवरचे गवत-झुडूप पेटवून देत. हे जाळणे बंद झाले तशी कुरणांत सूचिपर्णी झाडे शिरली. ‘मनुष्याचा स्पर्श न झालेला निसर्ग’ म्हणून जगाने जे पाहिले, ती पिढ्यान्‌पिढ्या राखलेली जमीन होती.

अ‍ॅडम्स यांच्या दोन चित्रांत हा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. १९४४ साली त्यांनी लोन पाइन गावाजवळ पहाटेच्या सिएरा नेवाडाचे चित्र घेतले. पायथ्याच्या टेकडीवर गावातल्या हायस्कूलच्या मुलांनी पांढऱ्या दगडांनी गावाच्या नावाची दोन मोठी आद्याक्षरे मांडली होती. अ‍ॅडम्स यांनी ती पुसून टाकली आणि तसे केल्याचे मोकळेपणाने लिहिलेही. शिक्षक म्हणून मला हे वाचून थोडे दुखले. त्या डोंगरावर मुलांनी केलेली एवढीच एक खूण होती.

दुसरे चित्र माउंट विल्यमसनचे. समोर प्रचंड धोंड्यांचे मैदान, मागे ढगांतून उतरणारे उन्हाचे झोत. पृथ्वी नुकतीच निर्माण होत असावी असे वाटते. हे चित्र मान्झानार येथून घेतलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकन सरकारने ज्या छावण्यांत डांबले, त्यांपैकी ही एक. ऐन भरात असताना तिथे दहा हजारांहून अधिक माणसे होती. चित्रात त्यातले काहीही नाही.

इथे न्याय केला पाहिजे. अ‍ॅडम्स १९४३ मध्ये तिथे गेले ते त्या माणसांसाठीच. त्यांचे चेहरे, शाळा, शेते टिपून त्यांनी १९४४ साली एक पुस्तक काढले आणि हे लोक इतरांइतकेच नागरिक आहेत असे युद्ध चालू असताना सांगितले. ते धाडसाचे काम होते. म्हणजे त्यांना माणसे दिसत नव्हती असे नाही. माणसे वेगळ्या चित्रांत आणि डोंगर वेगळ्या चित्रांत, अशी त्यांची वाटणी होती. दोन्ही एका चौकटीत यावेत असे या परंपरेला वाटले नाही, हा खरा आक्षेप आहे.

मग ही चित्रे काढून टाकायची का?

मुळीच नाही. या चित्रांनी मोठी कामे केली आहेत. ३० जून १८६४ रोजी अब्राहम लिंकन यांनी योसेमिटी दरी लोकांसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. कायदा करणाऱ्या बहुतेकांनी दरी पाहिलेली नव्हती. त्यांना ती कळली त्यात वॉटकिन्सच्या चित्रांचा वाटा होता असे मानले जाते. अ‍ॅडम्स यांनी १९३६ साली आपली चित्रे घेऊन वॉशिंग्टनमध्ये किंग्ज कॅन्यनची बाजू मांडली. १९३८ मध्ये निघालेले त्यांचे सिएरा नेवाडावरचे पुस्तक अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचले आणि १९४० साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. एक काच, एक फिल्टर आणि एक माणूस यांनी हे घडते, ही लहान गोष्ट नव्हे.

पण चित्र जितके प्रभावी, तितकी त्यात न दिसणारी गोष्ट लवकर विसरली जाते. निसर्ग म्हणजे जिथे माणूस नाही ते, असे मुलांच्या मनात एकदा बसले की त्याचे दोन परिणाम होतात. आपल्या गावचा ओढा, माळ, देवराई त्यांना निसर्ग वाटेनाशी होते. आणि जंगलात राहणारी माणसे त्यांना चित्रावरचा डाग वाटू लागतात, पुसून टाकता येण्यासारखा. पहिला परिणाम अभ्यासाचे नुकसान करतो, दुसरा माणसांचे.

वर्गात

आता मी असे चित्र दाखवतो तेव्हा तीन प्रश्न विचारतो. कॅमेरा कुठे होता? प्रकाश कशाने मोजला? आणि चौकटीच्या चार बाजूंना लागून काय होते? पहिल्याचे उत्तर भूमितीत, दुसऱ्याचे भौतिकीत मिळते. तिसऱ्यासाठी इतिहास आणि चौकशी लागते, म्हणून ते बहुधा राहून जाते.

साहित्य फार लागत नाही. तांबड्या जिलेटीनच्या कागदाचे दोन-तीन थर डोळ्यांसमोर धरून पांढरे ढग असलेले निळे आकाश पाहायला सांगावे. सूर्याकडे मात्र अजिबात पाहू देऊ नये. आकाश गडद होऊन ढग उठून दिसतात आणि अ‍ॅडम्स यांची युक्ती मुलांना दोन मिनिटांत कळते. नंतर जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात वहीएवढी चौकट कापून मैदानात जावे. प्रत्येकाने चौकटीतून सर्वांत ‘सुंदर’ दृश्य निवडावे, ते कागदावर काढावे आणि कागदाच्या चारही कडांबाहेर तिथे खरोखर काय होते ते लिहावे. आमच्या शाळेत एका मुलाने डोंगर आणि ढग काढले होते. खालच्या कडेबाहेर त्याने लिहिले होते, ‘पाण्याची टाकी, सायकली, शिपाईमामा.’

आज मोबाइलचा कॅमेरा आपण न सांगता चार-पाच एक्स्पोजर एकत्र करून आकाश आणि जमीन दोन्ही खुलवून दाखवतो. मुलांच्या हातात रोज अशी चित्रे येतात. फिल्टर कोणता हे निवडण्याचे कामही आता यंत्र करते. चौकट मात्र अजून आपणच धरतो, आणि तिची जबाबदारीही आपलीच आहे.

ती मागच्या बाकावरची मुलगी कधीच शाळा सोडून गेली. तिचा प्रश्न मी आता दर वर्षी नव्या वर्गाला विचारतो, आणि एका शब्दात उत्तर देत नाही.